वयात येणारा नायक आणि मराठी कादंबरी

कुमारवयीन नायक घडवायला बसलेला लेखक बहुधा आधी त्याचे गुण ठरवतो. मुलगा धीट हवा, चौकस हवा, मित्रांसाठी धावून जाणारा हवा. अशी मुलं मराठीत पुष्कळ आहेत आणि वाचकांची लाडकीही आहेत. पण गुणी असणं वेगळं आणि त्या गुणापायी वाढणं वेगळं. ज्या गुणाची किंमत नायकाला मोजावी लागते, तोच त्याला कादंबरी संपेपर्यंत वेगळा माणूस करून सोडतो. आपल्याकडच्या काही ठळक व्यक्तिरेखा या कसोटीला लावून पाहण्यासारख्या आहेत.

भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे चपळ, हजरजबाबी आणि कमालीचं कुतूहल असलेला. संकटातून तो सुटतो आणि पुढच्या पुस्तकात होता तसाच भेटतो. साहसमालिकेत हे चालतं, किंबहुना तेच हवं असतं. वाचक मोठा होतो, फेणे होत नाही. त्याचं कुतूहल त्याला संकटात नेतं, पण त्याच्याकडून काही हिरावून घेत नाही. त्यामुळे मालिकेचा नायक म्हणून तो अव्वल असला तरी कादंबरीकाराने त्याचा नमुना पुढे ठेवू नये.

साने गुरुजींचा श्याम नेमका उलट. ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नाव घेतलं की आपल्याला आईचं वात्सल्य आठवतं, श्यामचे दोष आठवत नाहीत. हा मुलगा भित्रा आहे, हट्टी आहे. पोहायला जायचं टाळतो म्हणून आईचा मार खातो. त्याला वाढवणारा गुण म्हणजे स्वतःची लाज वाटणं. चूक कळली की तो आतून हलतो आणि ते हलणं विसरत नाही. पुढच्या संस्कारकथांनी मात्र त्याचे अश्रू घेतले आणि अपराध गाळले. अपराधच नसेल तर पश्चात्तापाचं नाटक उरतं, वाढ होत नाही. मूळ पुस्तकालाही एक मर्यादा आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. प्रत्येक प्रसंगाचा अर्थ त्याला आधीच गवसलेला असतो. मुलाची चाचपड आपल्याला दिसते ती मोठ्या माणसाच्या समजुतीतून.

‘झोंबी’त (1987) आनंद यादवांनी जिद्दीला तिची खरी किंमत लावली. शाळा सोडवून शेतात जुंपलेला आंदा आईला मध्ये घालून दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातो आणि त्यांच्या दबावाने बापाला नमवतो. म्हणजे शिकायचं तर बापाविरुद्ध डाव टाकायचा. यातला खरा बदल त्यानंतर होतो. सौंदलगेकर मास्तरांच्या तासाला कविता ऐकलेला हा मुलगा पिकाला पाणी पाजताना एकटाच त्या गाऊ लागतो आणि ज्या एकटेपणाचा त्याला कंटाळा होता तोच हवासा वाटू लागतो. जिद्द त्याला शाळेपर्यंत पोचवते. पण आतून बदलतो तो एखादी गोष्ट मनापासून आवडण्याच्या शक्तीने. आपल्या प्रेरणापर कथा पहिल्या टप्प्यावरच थांबतात.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तला (2004) मुकुंद जोशी नववीत आहे आणि बाहेर आणीबाणी आहे. तो ना शूर ना गुणवंत. त्याच्याकडे नजर आहे: शिक्षकांचे स्वभाव, मित्रांच्या बढाया, त्याला आवडणाऱ्या शिरोडकर या वर्गातल्या मुलीची चाल, सगळं तो टिपतो. सुरुवातीला ही नजर थट्टेची असते. प्रेमात पडल्यावर तीच त्याच्यावर उलटते. इतरांना हसणारा स्वतःकडे पाहू लागतो. शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा त्याच्या हाती काही लागत नाही आणि बोकील त्याला कसलंही तात्पर्य देत नाहीत. कादंबरीचा मोठेपणा या संयमात आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’ ते ‘झुंबर’ अशा चार कथासंग्रहांतून वाढतो. सगळं जाणवणं आणि त्यासाठी शब्द नसणं, या ओढाताणीत त्याची भाषाच वयात येते.

या रांगेत मुली कुठे आहेत? ह. ना. आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ सुरू केली, तेव्हा नायिका यमूला स्वतःच्या तोंडून बोलतं केलं. तिच्या कुतूहलाची, वाचनाच्या ओढीची किंमत मराठी कादंबरीतली सर्वांत भारी किंमत आहे: वैधव्यानंतर जबरदस्तीने केलेलं केशवपन. तिची वाढ खुंटत नाही, खुडली जाते. पण पुढच्या शतकभरात कुमारवयीन मुलीच्या नजरेतली कादंबरी ज्या जोमाने यायला हवी होती तशी आली नाही. मुलांना चुकण्याची, भटकण्याची, आशाळभूत होण्याची मुभा मिळाली; मुलींच्या वाट्याला बहुतेक वेळा सोसणंच आलं.

आजची मुख्य अडचण ही, की आपली कुमारवयाची उत्तम पुस्तकं आठवणींतून आलेली आहेत. लेखक आपलं गेलेलं बालपण लिहितो. आज पंधरा वर्षांचं असलेलं मूल त्यात नसतं. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’सारख्या मासिकाने या वयाची कथा जागती ठेवली, पण कथेतून कादंबरीकडे जाणारी वाट अरुंद राहिली. बालसाहित्य एका फळीवर, प्रौढ कादंबरी दुसऱ्या, आणि मधल्या वयाचा वाचक इंग्रजीकडे वळतो. लातूरच्या क्लासमध्ये नीटची तयारी करणारा मुलगा, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे बीडमध्ये शाळा टिकवू पाहणारी मुलगी, रात्री पांघरुणात मोबाईलवर वेगळंच आयुष्य जगणारं शहरी पोर: यांची कादंबरी लिहायला विषय शोधावा लागणार नाही.

लेखकांना विनंती एवढीच, की या मुलांना आदर्श करू नका. त्यांना एखादा खरा दोष द्या, एखादी अनावर ओढ द्या आणि तिची किंमत त्यांना मोजू द्या. संपादकांनी शेवटी तात्पर्य मागू नये. मराठी कादंबरीने हे पूर्वी करून दाखवलं आहे. आता ते चालू काळातल्या मुलामुलींसाठी करायला हवं.