वाचवायचं कुणाला?

आमच्या सोसायटीत शेजारच्या विंगमध्ये एक बोहरा कुटुंब राहतं. तिथली बाई माझ्याच वयाची. रंगीत रिदा, त्याला लेस, भरतकाम, चेहरा उघडा. मे महिन्यात एकदा लिफ्टमध्ये मी तिला म्हटलं, "एवढ्या उन्हाळ्यात हे अंगभर घालायचं म्हणजे शिक्षाच की!" मला वाटलं, मी कळवळ्यानं बोलले. ती हसली आणि म्हणाली, "बेन, तुमच्या साध्वीजी भर उन्हात अनवाणी चालतात. त्यांना विचारता का असं?"

मी गप्प झाले. साध्वीजींच्या पायांचे फोड पाहून मी हात जोडते आणि हिच्या रिदाची मात्र कीव करते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढे मुलीनं एक पुस्तक आणून दिलं, तेव्हा ही लिफ्ट पानोपानी आठवत राहिली. पुस्तक आहे लीला अबू-लुघोद यांचं 'डू मुस्लिम विमेन नीड सेव्हिंग?'. म्हणजे मुस्लिम स्त्रियांना वाचवायची गरज आहे का? ते 2013 साली निघालं. लेखिकेनं अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवलं आहे. इजिप्तच्या खेड्यापाड्यांत आणि वाळवंटातल्या बेदुईन बायकांत त्या वर्षानुवर्षं राहिल्या आहेत. नोव्हेंबर 2001 मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेचं युद्ध सुरू असताना अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश रेडिओवर बोलल्या. तिथल्या बायका आता घरात कोंडलेल्या नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. लेखिकेचा वाद तिथूनच सुरू होतो. तालिबान गेल्यावरही बायकांनी बुरखे फेकून दिले नाहीत, याचं पुष्कळांना नवल वाटलं. लेखिका विचारतात, नवल कसलं? चारचौघांत कसं दिसावं, हे प्रत्येक समाज ठरवतोच. आपण तरी कुठे मनाला येईल ते घालून बाहेर पडतो?

हे मला पटलं. आपल्या मराठी वाचकांना पटायला तर एक फोटो पुरे आहे. 1885 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला. त्यात तिघी आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. आनंदीबाई घरून नऊवारी नेसून निघाल्या होत्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि आपल्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण त्या काळच्या अमेरिकेत भल्या घरच्या बाईचा घोटा दिसणंसुद्धा वाईट. शिवाय थंडी मरणाची. आनंदीबाई तिथं गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या आणि तसं त्यांनी गोपाळरावांना पत्रातून कळवलं. शिकायला एकटी सातासमुद्रापार गेलेली बाई, पण साडी कशी नेसते याचा खुलासा तिला करावाच लागला!

म्हणजे पाहा, ज्या अमेरिकेला तेव्हा उघडी पोटरी खुपली असती, तिलाच सव्वाशे वर्षांनी झाकलेलं तोंड खुपू लागलं. मर्यादेची रेघ सरकली, पण ती रेघ दुसऱ्याच्या बायकांना लावून पाहायची खोड गेली नाही. आणि गैरसमज एकाच बाजूचा नाही. आखूड कपड्यातली अमेरिकन बाई दिसली की तिला घरदार नसेल, लाजलज्जा नसेल, असं आपल्याकडेही सहज बोललं जातं. त्यात हिंदू, मुस्लिम, जैन सगळे आले.

इथपर्यंत मी लेखिकेच्या मागे मुकाट्यानं गेले. पुढे मात्र अडखळले. हे पुस्तक तोंड करून उभं आहे ते अमेरिकन वाचकाकडे. त्याचा गर्व उतरवायचं काम ते चोख करतं. पण घरातल्याच मुलीनं "मला नाही घालायचं" म्हटलं, तर तिची बाजू कुणी घ्यायची? तिच्यासाठी या पुस्तकात मला हवी तेवढी जागा सापडली नाही. बाहेरच्यांनी तिला वाचवू नये, हे मान्य. मग आतल्यांनी काय करावं? 2022 मध्ये इराणात डोक्यावरचा स्कार्फ नीट नाही म्हणून महसा अमिनीला पकडलं आणि ती कोठडीत असतानाच गेली. त्याच वर्षी कर्नाटकात स्कार्फ घालणाऱ्या मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. 2024 मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजच्या मुलींना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. एकीकडे घाल म्हणून सक्ती, दुसरीकडे काढ म्हणून. दोन्हीकडे मुलीला विचारलं कुणी?

आपण जैनांनी तर या प्रश्नावर जपूनच बोलावं. माझं माहेर सांगलीकडचं दिगंबर, सासर इथलं श्वेतांबर. बाईला वस्त्र सोडता येत नाही, म्हणून तिला त्याच जन्मी मोक्ष नाही, असं एक परंपरा म्हणते. दुसरी म्हणते, आहे. एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली स्त्रीच होत्या. बाईच्या अंगावरच्या कपड्यावरून आपल्या आचार्यांनी शतकानुशतकं वाद घातला. त्या वादात बायकांचं मत कुठे नोंदवलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

आणि माझं काय? साध्वीजी घरी आल्या की सुनेनं डोक्यावर पदर घ्यावा, हा आग्रह माझाच. ती घेते. कुरकुरत नाही. म्हणून तिला ते आवडतं, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. पुस्तक मिटल्यावर तिला विचारलं, "तुला मनापासून घ्यावासा वाटतो का गं पदर?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "साध्वीजींसमोर घ्यायला मला आवडतं, आई. पण तुम्ही माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण करता ना, ते नाही आवडत."

सुनेचं हे एक वाक्य मला साऱ्या पुस्तकाहून जड वाटलं. तरी पुस्तक जरूर वाचा, कारण त्याच्याशिवाय मी तिला विचारलंच नसतं. पदर तिचा आहे. खूण तेवढी मी बंद केली आहे.