मिलनसार म्हणजे कोण?

रायपूरच्या विनोदकुमार शुक्लांची पात्रं फारशी बोलत नाहीत, तरी त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटतं. हिंदीतल्या ‘मिलनसार’साठी आपण पटकन ‘मनमिळाऊ’ लिहितो आणि डोळ्यांपुढे येतो ‘व्यक्ती आणि वल्ली’तला नारायण, लग्नघरात सगळ्यांना हवा असलेला. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (साहित्य अकादमी पुरस्कार, १९९९) या कादंबरीतले रघुवर प्रसाद तसे नाहीत. गणिताचे हे व्याख्याते टेंपोची वाट पाहत उभे असतात. हत्तीवरचा साधू थांबतो, आणि पुढे ते हत्तीवरून कॉलेजला जाऊ लागतात. घरी बायको सोनसीशी बोलणं असं, की एकानं टाकलेला शब्द दुसऱ्यानं उचलावा आणि जरासा फिरवून परत ठेवावा.

यातली काही पानं मराठीत करून पाहिली, तेव्हा ‘बरं का’, ‘हो ना’, ‘अगं’ आपोआप पडत गेले. नवरा-बायको पुण्याच्या वाड्यातली वाटू लागली! सगळं खोडलं. एक ‘अगं’ ठेवलं. त्याविना मराठी नवरा रागावल्यासारखा वाटतो.

मात्र या मऊपणावर भाळताना ‘नौकर की कमीज़’ (१९७९) विसरू नये. तिथले कारकून संतू बाबूही असेच मऊ बोलतात, आणि साहेबाच्या नोकराची कमीज त्यांच्याच अंगात चढवली जाते. त्यांचा होकार रघुवर प्रसादांच्या होकारापेक्षा वेगळा ऐकू यायला हवा. मराठीत मला तो अजून साधलेला नाही.