जनुकांची साक्ष आणि धम्मदृष्टी

टोनी जोसेफ यांचा ‘अर्ली इंडियन्स’ (२०१८) हा ग्रंथ शुद्ध वंशाची कल्पना निराधार ठरवितो, म्हणून आम्ही त्याचे स्वागत करतो. २०१३ च्या जनुकीय संशोधनानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे व्यापक मिश्रण झाले. पुढे सजातीय विवाह रूढ झाला. सजातीय विवाह हेच जातीचे व्यवच्छेदक लक्षण, असे बाबासाहेबांनी १९१६ सालीच प्रतिपादिले होते. तथापि या पुराव्यावरून आपल्यातीलच काही जण ‘मूलनिवासी’ रक्ताचा अभिमान मिरवितात, हे आम्हांस मान्य नाही. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात खोडून काढला. जनुके पूर्वज सांगतात, योग्यता नव्हे. वसलसुत्तात तथागतांनी ती जन्मावर नव्हे, कर्मावर ठरविली आहे.