उलट उत्तराची सोय : औंध संस्थानातील तीन घरे

माझे आजोबा औंधात शिकले. तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले : वळणदार अक्षर आणि सूर्यनमस्कार. साताऱ्याच्या आमच्या घरी पाहुणा आला की चहाआधी त्याला नमस्कारांचे फायदे ऐकावे लागत आणि मग नमुना म्हणून मला अंगणात उभे केले जाई. शेजारची पोरे गडग्यावर बसून मोठ्याने आकडे मोजत. मुद्दाम चुकत, म्हणजे मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पुढे नोकरीनिमित्त सांगलीला आल्यावर हा किस्सा मी कितीतरी बैठकांत रंगवून सांगितला आणि प्रत्येक वेळी हशा मिळवला. एकदा मात्र एक ज्येष्ठ सहकारी हसले नाहीत. “तुमच्या आजोबांना लहर परवडत होती,” एवढेच ते म्हणाले. हा लेख त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

विक्षिप्त वडीलधारे आणि अवघडलेले बालपण हा मराठी विनोदाचा जुना ऐवज. त्यावर लिहिताना आपण समीक्षक ‘निर्मळ’, ‘निर्विष’, ‘मिस्कील’ अशी विशेषणे वापरून मोकळे होतो. ती लहर घरात कोणी सोसली आणि सोसणाऱ्याला उलट बोलता येत होते का, हे विचारत नाही. मला वाटते, विनोदाची किल्ली नेमकी तिथे आहे.

हे तपासायला औंध संस्थानाइतकी सोयीची जागा नाही. बहात्तर गावांचे हे संस्थान तुकड्यातुकड्यांत विखुरलेले होते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. आटपाडी आणि कुंडल सांगलीत. (सांगली जिल्हाही १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावानेच निघाला.) एवढ्याशा संस्थानाने मराठी साहित्य संमेलनाला चार अध्यक्ष दिले : १९३५ साली इंदूरला खुद्द राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९७३ साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि पुढच्याच वर्षी जळगावला शंकरराव खरात. राजा, कारकुनाचे दोन मुलगे आणि तराळाचा मुलगा. एकाच राजाच्या छायेतली ही तीन घरे.

पहिले घर वाड्याचे. बाळासाहेब चित्रे काढत, कीर्तन करत, रोज सूर्यनमस्कार घालत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामामागे त्यांचा आग्रह आणि पैसा होता. १९३८ साली त्यांनी औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारले. नमस्कार त्यांनी संस्थानच्या शाळांत सक्तीचे केले. सामान्य घरात बापाची लहर उंबऱ्याशी थांबते. इथे तिचा वटहुकूम होई. तरी त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी वडिलांवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्यांना ‘जगावेगळा राजा’ ठरवले आहे, आणि त्यात तक्रार नाही, कौतुक आहे. हे शक्य झाले, कारण या घरात मुलाचे म्हणणे बापापर्यंत पोचत होते. अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या खटपटीने, गांधीजींच्या सल्ल्याने, १९३९ साली राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. ज्या बापाशी राज्य सोडण्याबद्दल बोलता येते, त्याच्या तऱ्हांवर प्रेमाने हसताही येते.

दुसरे घर कारकुनाचे. माडगूळकरांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. पगार तुटपुंजा, बिऱ्हाड आज इथे तर उद्या तिथे. शेटफळ्याला १९१९ साली जन्मलेल्या गजाननाला तो उपजत मेला असे समजून पुरायला निघाले होते, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे गणिताने दगा दिला आणि मॅट्रिक हुकली. अशा भांडवलावर रडगाणे सहज उभे राहिले असते. गदिमांनी ‘मंतरलेले दिवस’ लिहिले. त्या नावातच त्यांचा पवित्रा कळतो : दिवस हलाखीचे होते, पण आठवणारा माणूस त्यांना मंतरलेले म्हणतो. धाकट्या व्यंकटेशांची रीत निराळी. आपल्या घराच्या गोष्टीला त्यांनी रामदासांकडून नाव घेतले, ‘करुणाष्टक’. ते हसवत नाहीत. डोळे वटारूनही पाहत नाहीत. फक्त तपशील ठेवतात आणि बाजूला होतात. हसायचे की गप्प बसायचे, हे वाचकाने ठरवायचे.

राजाच्या लहरीला दिलेले त्यांचे उत्तर मला ‘बनगरवाडी’त (१९५५) सापडते. औंधच्या मुलखातली ही कादंबरी. तरुण मास्तर मेंढक्यांच्या वाडीत तालीम बांधायचे मनावर घेतो आणि तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजा येतो. दिवसभर मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्यांना आणखी व्यायाम कशाला, हा प्रश्न लेखक मोठ्याने विचारत नाही. लोकांचा उत्साह आणि अभिमान खरा आहे, हेही तो दडवत नाही. पण पुढे दुष्काळ येतो, माणसे परागंदा होतात, वाडी ओस पडते. ओस वाडीतली तालीम आठवली की मी हसतो आणि लगेच गप्प होतो. कारकुनाचा मुलगा राजाला तोंडावर उलट बोलू शकत नव्हता. लेखणी हाती आल्यावर त्याने अदबीने बोलून घेतले.

तिसरे घर आटपाडीच्या महारवाड्यातले. शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ १९८१ साली आले. दलित आत्मकथनांत विनोद नाही, अशी कुजबूज मी अनेक चर्चासत्रांत ऐकली आहे. कधीकाळी मीही त्यात सूर मिसळला आहे. आता त्या पुस्तकातला विहिरीचा प्रसंग पाहा. विहिरीत प्रेत आहे. फौजदाराच्या हुकमाने तराळाला आत उतरायचे आहे, आणि आत सापही आहे. बाप उतरतो, मुलगा पाहत राहतो. इथेही एका माणसाची मर्जी आणि एक अवघडलेले पोर आहे. पण मर्जी घरातल्या वडीलधाऱ्याची नाही, अंमलदाराची आहे, आणि तिला ‘तऱ्हा’ म्हणायची मुभा कोणाला नाही. नकाराची जागाच नसेल तर विनोद कुठून फुटणार? जे विनोदाचे अपयश वाटते, तो त्या घराच्या परिस्थितीचा चोख हिशेब आहे.

तरी खरात हसतच नाहीत असे नाही. पुस्तकाचे नाव मोठ्याने म्हणून पाहा. गावाचे सांगावे पोचवणारा तराळ आणि मोकळे अंतराळ यांत अंतर एका ‘अं’चे. विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेलेल्या माणसाने मारलेली ही कोटी आहे. ती करण्याची उंची गाठायला त्यांना सगळा जन्म लागला.

कोणी म्हणेल, सोसणाराही हसतोच की. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ विसरलात का? विसरलो नाही. टिळकांच्या लहरी सर्वांत जास्त लक्ष्मीबाईंनीच सोसल्या आणि त्यांच्याइतके खळखळून कोणी हसले नाही. पण त्या टिळकांशी भांडत होत्या. पुस्तकभर त्यांचे उलट बोलणे ऐकू येते. अपवाद वाटणारे हे उदाहरण माझेच म्हणणे पक्के करते : सोसल्याने विनोद मरत नाही, बोलती बंद झाल्याने मरतो.

म्हणून माझ्या किश्शाकडे मी पुन्हा गेलो. पहाटेच्या नमस्कारांनंतर आजोबांना गरम दूध लागे. आजोबा साडेचारला उठत. त्याआधी चूल पेटवायला आजी उठे, आणि हे पन्नास वर्षे चालले. माझ्या किश्शात आजोबा होते, मी होतो, गडग्यावरची पोरे होती. आजी कधीच नव्हती. तिला या सगळ्याचे हसू येत होते का, हे मी तिला विचारले नाही, आणि आता विचारता येणार नाही. अलीकडे किस्सा सांगतो तेव्हा सुरुवात चुलीपासून करतो. हशा थोडा उशिरा येतो. काही वेळा येतही नाही.