दाक्षिण्य नव्हे, एकच माप

वऱ्हाडच्या वाङ्मयाचा विचार करताना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या ग्रंथाकडे आपण पुरेसे लक्ष दिले आहे, असे आम्हांस वाटत नाही. १८८२ साली पुण्यात छापलेला हा छोटेखानी निबंध पुढे विस्मृतीत गेला, स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा उजेडात आणला.

ग्रंथास निमित्त झाले ते सुरतेच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी या तरुण विधवेस १८८१ साली अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात शिक्षा सौम्य झाली खरी. परंतु वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे झडू लागले. विधवेच्या पुनर्विवाहाची वाट अडविली कोणी, आणि तिच्या पतनातील वाटेकरी पुरुष कोठे आहे, हे विचारण्याची गरज कोणास भासली नाही. ताराबाईंनी ते विचारले.

साहस, कपट, अविचार असे स्त्रियांवरील परंपरागत आरोप एकेक घेऊन त्या पुरुषांच्या वर्तनाशी ताडून पाहतात. मांडणी विस्कळीत आहे, संताप अनेकदा युक्तिवादाच्या पुढे धावतो; तरी घरगुती, बोलीच्या वळणाची ती भाषा वाचकास निसटू देत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीती’त उपदेश आहे तो स्त्रियांना, ताराबाई पुरुषांनाच जाब विचारतात. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली, ती उगाच नव्हे.

ग्रंथास मर्यादाही आहेत. स्त्रीच्या स्वतंत्र अर्थार्जनाचा विचार येथे फारसा नाही. सुखी संसाराची चौकट ताराबाई मोडीत नाहीत. मात्र त्या चौकटीत दोघांना एकच माप लावावे, हा त्यांचा आग्रह आजही आपणांस अवघड वाटतो.

कारण आपण मापाऐवजी दाक्षिण्य देऊ करतो. अमरावती-अकोला एस.टी.त बाईंसाठी जागा सोडून उठणारा सद्गृहस्थ घरी सर्वांची ताटे वाढून झाल्याखेरीज पत्नीस बसू देतो का? जागा सोडणे वाईट नव्हे. थकलेल्याला, म्हाताऱ्याला, कडेवर मूल असणाऱ्याला जागा द्यावीच, मग तो पुरुष असो वा स्त्री. परंतु जे सौजन्य देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि लेकीच्या शिक्षणाचा वा वाट्याचा प्रश्न निघताच आटते, ते सौजन्य म्हणजे सन्मान नव्हे. विजयालक्ष्मीलाही अखेर दयाच मिळाली. बरोबरीचा न्याय मिळाला नाही.

आमच्या मते या ग्रंथाचे थोरपण येथेच आहे. तो स्त्रीला देव्हाऱ्यात बसवा म्हणत नाही. पुरुषाला ज्या तराजूत तोलता, त्याच तराजूत तिला तोला म्हणतो. कुटुंबातील मुलामुलींनी तो एकत्र बसून वाचावा, आणि थोरांनी त्यांचे प्रश्न ऐकून घ्यावेत.