वामनदादांच्या गीतातील ‘उद्धार’

पूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी चौथी प्रतिज्ञा ईश्वराचा अवतार नाकारते आणि पाचवी, बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, हा प्रचार खोटा ठरवते. ह्या प्रतिज्ञा उच्चारलेला समाज भीमजयंतीला महाकवी वामनदादा कर्डक यांचे ‘उद्धरली कोटी कुळे’ हे गीत एकमुखाने गातो, तेव्हा काही चिकित्सक उपासकांना अवघडल्यासारखे होते. ही सारी शब्दकळा कीर्तनातली, पुराणातली आहे. एकाच्या जन्माने कुळेच्या कुळे तरून जावीत, ही कल्पना भक्तिमार्गाची. उंबऱ्याबाहेर काढलेला अवतार आपण गाण्याच्या चालीवरून पुन्हा घरात घेत आहोत काय?

शंका क्षुल्लक नाही. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, परंतु राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तथागत मोक्षदाते नव्हेत, मार्गदाते होत, हे त्यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्वच्छ मांडले आहे. तेव्हा ‘गाणे आहे, एवढे काय मनावर घ्यायचे’ असे म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या घराघरांत ग्रंथाच्या आधी गाणे पोहोचले आहे.

मात्र त्याचे उत्तर केवळ शब्दांच्या कुळात शोधणे चुकीचे ठरेल. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या या कवीला अक्षरओळख उशिरा झाली. त्याची भाषा कानाने कमावलेली होती. जात्यावरची ओवी, भजन, तमाशाचा फड, सिनेगीताची चाल हेच त्याचे भांडवल. पाली संज्ञा आपल्या वस्त्यांत रुळल्या त्या धम्मदीक्षेनंतर. कवीने जुनीच भांडी घेतली; त्यांत त्याने काय शिजवले ते पाहिले पाहिजे.

प्रस्तुत गीतात उद्धाराचा अर्थ कवी स्वतःच उलगडून दाखवतो. तेथे स्वर्गप्राप्ती नाही, पापक्षालन नाही, कृपा नाही. एका ज्ञानाच्या ज्योतीने असंख्य ज्योती पेटतात, पायांतील साखळदंड तुटतात, गुलाम मोकळे होतात, लोक बुद्धाकडे वळतात. ज्योतीची प्रतिमा विशेष लक्षात घ्यावी. देवापुढची समई भक्ताने लावायची असते आणि तो स्वतः अंधारातच उभा राहतो. येथे मात्र एकदा पेटलेली ज्योत तेजाने तळपते. ‘अत्त दीप भव’ हे वचन कवीच्या मनात होते असा दावा मी करणार नाही, पण प्रतिमेचा कल निश्चितच त्या दिशेचा आहे.

खरा पेच ‘जन्म’ या शब्दाचा आहे. वसल सुत्तात तथागत सांगतात की जन्माने कोणी वृषल होत नाही वा ब्राह्मण होत नाही. माणूस कर्माने ठरतो. मग मुक्तीचे श्रेय कवी जन्माला का देतो? भीमाचा अभ्यास, महाडचा सत्याग्रह, दीक्षाभूमी ही सारी कर्मे असताना? मला वाटते, येथे कवीच्या जगण्याचा दाह आहे. ज्या समाजाला जन्म हाच तुरुंग होता, त्याच समाजात १४ एप्रिल १८९१ रोजी एक मूल जन्मले. जन्माच्या आधारे लादलेली गुलामी जन्माच्याच साक्षीने खोटी पडली, हा त्यातला सूड आहे. तरीही धम्माच्या कसोटीवर ही जागा कच्ची आहे, हे नोंदवावेच लागेल. दादांच्या मागून आलेल्या अनेक गीतकारांनी नेमकी हीच कच्ची जागा उचलली: पुढे मोकळ्या झालेल्या गुलामांचा पत्ताच नाही, केवळ जन्माचा जयजयकार आणि आरतीची चाल. विहारांत अशा गाण्यांना आवर घातला पाहिजे.

दादांनी स्वतः स्तवनावर कधी समाधान मानले नाही. भीमाला उद्देशून रचलेल्या त्यांच्या आणखी एका गाजलेल्या गीतात अनुयायांचीच झाडाझडती आहे. दुसऱ्या एका गीतात बड्या भांडवलदारांची नावे घेऊन ते धनातील आपला वाटा विचारतात. भक्त देवाकडे मागतो, हा कवी मालकाकडे हिशेब मागतो. (नाव वामन, पण पक्ष मात्र बळीराजाचा. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त वामनाची जी उलटतपासणी केली, तिच्या वाचकाला हा योग गंमतीचा वाटेल.)

आणि शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा. ती संतांच्या अभंगातून आली, हे उघड आहे. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला होता. त्या चोखोबांची मुद्रा महाद्वाराबाहेर उभी राहून आत पाहते. वामनदादांच्या मुद्रेपुढे द्वारच नाही. काल आपल्या जिण्याला कवडीचे मोल नव्हते आणि आज ते तसे राहिलेले नाही, एवढे सांगून ती थांबते.