कल्पित ग्राहक आणि मालेगावची बाजारपेठ

वर्गात व्यवसायाचा खेळ मांडून व्यवहारज्ञान देण्याची पद्धती नवी नव्हे. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५६-५७ च्या सुमारास व्यवस्थापकांसाठी असा खेळ सिद्ध केला, आणि लवकरच विद्यापीठांनीही तो मार्ग चोखाळला. समाजमाध्यमांवरील विपणन शिकविणारे आजचे संगणकीय सिम्युलेशन त्याच परंपरेतले होय. विद्यार्थ्याच्या स्वाधीन एक कल्पित दुकान व जाहिरातीचा ठराविक निधी केला जातो. तो फेरीगणिक मजकूर, वेळ आणि वाचकवर्ग निवडतो, व यंत्र त्याला विक्रीचे आकडे परत करते. दोन मजकुरांतील निवड अनुमानाने न करता पडताळ्याने करण्याची सवय या खेळाने लागते, आणि चूक झाली तरी कोणाचे भांडवल बुडत नाही. हा लाभ निःसंशय मोठा आहे.

प्रश्न उद्भवतो तो त्या कल्पित ग्राहकाविषयी. त्याच्या आवडीनिवडी कोणी ठरविल्या?

एम. आय. टी. मध्ये जे फॉरेस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास रचलेला बिअरचा खेळ येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक व कारखाना अशी चार ठाणी. मागणी चार पेट्यांवरून आठ पेट्यांवर एकदाच चढते व तेथेच स्थिरावते. तरीही साठे भयंकर हेलकावतात, आणि ग्राहकच लहरी होता असे खेळाडू शपथेवर सांगू लागतात. खेळ संपल्यावर मागणीचा तक्ता उघडा केला जातो व तो समज जागच्या जागी गळून पडतो. खरे शिक्षण घडते ते या क्षणी. समाजमाध्यमांच्या सिम्युलेशनमध्ये मात्र हा तक्ता सहसा यंत्राच्या पोटातच राहतो. रचनाकाराचे मत विद्यार्थ्याला बाजाराचा नियम म्हणून भेटते, आणि त्या मताशी जुळवून घेण्यालाच गुण मिळतात.

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातून आलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवला, तर ही उणीव अधिक स्पष्ट होते. भोवतालच्या पंचक्रोशीत खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. ते घरात येऊन विकले जाईपर्यंत, म्हणजे दसरा-दिवाळीपर्यंत, अनेक घरांत रोकड खेळत नाही. तोवर व्यवहार उधारीवर. श्रावणात दिलेल्या जाहिरातीला प्रतिसाद आला नाही, तर दोष मजकुराचा की मोसमाचा? दूर देशी, मासिक पगाराच्या ग्राहकावर बेतलेल्या खेळात हा प्रश्नच संभवत नाही. शिवाय येथील बराचसा प्रचार व्हॉट्सॲपच्या गटांतून व स्टेटसमधून चालतो. तेथे एकाने दुसऱ्याला सांगितलेले कोणत्याच तक्त्यात उमटत नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक नावाने ठाऊक असते (आणि त्याची थकबाकीही).

माध्यमाच्या स्थैर्याविषयीही असे खेळ फार निश्चिंत असतात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. ग्रामीण भागातील कित्येकांनी जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. ज्या खेळात अशी एकही फेरी नाही, तो विक्रेत्याला त्याच्या परावलंबनाचे भान देत नाही. तीच गोष्ट कायद्याची. प्रसिद्ध व्यक्तीकडून केलेली शिफारस ही खेळात केवळ खर्चाची बाब असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मात्र दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यावरून सिम्युलेशन त्याज्य ठरत नाही. शेवटची फेरी झाल्यावर अध्यापकाने गुणपत्रक बाजूला ठेवून, यंत्राने कोणत्या गोष्टीला किती वजन दिले असावे, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. मग त्यांना मालेगावच्या पेठेत पाठवावे. बियाणे, कापड व भांडी यांच्या दुकानदारांना विचारून त्यांनी वर्षाच्या बारा महिन्यांचा मागणीचा तक्ता स्वतः तयार करावा, त्यात उधारीचा स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि तोच खेळ या तक्त्यावर कागद-पेन्सिलीने पुन्हा खेळावा. दोन्ही वेळच्या निकालांत जे अंतर पडेल, त्यावरच प्रबंधिका लिहून घेणे इष्ट.